अनोळखी इसम, तपकिरी टोपी

१४ जानेवारी, बुधवार. तिळाचे लाडू वळायचे होते.

इथे जपानमध्ये, फुनाबोरीत, तीळ हवे तेवढे मिळतात. पांढरे, काळे, भाजलेले, कुटलेले. चिक्कीचा गूळ मात्र मिळत नाही. भारतीय दुकानात जो गूळ असतो तो चहातही विरघळत नाही, म्हणून मी सुपरमार्केटमधली ओकिनावाची काळी साखर आणून तिचा पाक केला. पाकाने मला काही कळायच्या आत आपलं काम उरकलं. पहिले लाडू वळताना हात भाजले, नंतरचे वळेपर्यंत ते लाडू राहिले नव्हते, गोट्या झाल्या होत्या. समोर बाबा, म्हणजे माझे सासरे, हाताला तूप लावून वळत होते. त्यांनी एक लाडू ताटात टाकून बघितला. खण्ण असा आवाज आला.

"हे चावायचे नाहीत, चघळायचे," ते म्हणाले. "मुलांना आवडतात असे."

कुठल्या मुलांना, हे मी विचारणार होते, तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर काय झालं ते सांगण्याआधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा साताऱ्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. सासूबाई गेल्यावर तिथे एकटेच राहत होते. दिवाळीनंतर एक दिवस गॅसवर दूध ठेवून ते बँकेत गेले आणि शेजाऱ्यांनी कुलूप तोडून घरातला धूर बाहेर काढला. मग नवऱ्याने तीन महिन्यांचा व्हिसा काढून त्यांना इकडे आणलं. ठरलं होतं ते असं: इथे रमले तर दर हिवाळा आमच्याकडे, उन्हाळा अमेरिकेत लेकीकडे. नाही रमले तर साताऱ्यात एकटे, आणि गॅस. पहिले पंधरा दिवस ते अजिबात रमले नाहीत. टीव्ही जपानी, वर्तमानपत्र जपानी, शेजारी लिफ्टमध्ये मान लववून भिंतीकडे बघणारे. मग त्यांना इमारतीमागची बाग सापडली. शाळा सुटली की मुलं तिथे खेळायला येतात. बाबा तीन वाजता निघायचे, अंधार पडता पडता यायचे आणि भूक लागली म्हणायचे. एवढं मला पुरेसं होतं.

तर फोन अमेरिकेतल्या नणंदेचा होता.

"वहिनी, नागोया सोडून तुम्ही नवीन जागेत आलात. तिथली यादी बघितलीस का?"

"कसली यादी?"

"लैंगिक गुन्हे केलेल्यांची. अगं, आजूबाजूला कोण राहतं हे बघायला नको? पोरगी एकटी पोहायला जाते तुझी."

आमची मुलगी दहा वर्षांची. इथली सगळीच मुलं एकटी शाळेत जातात, एकटी क्लासला जातात. दप्तराला एक भोंगा टांगलेला असतो, दोरी ओढली की किंचाळतो. मी नणंदेला भोंग्याबद्दल सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तिने मला तिच्याकडची पद्धत समजावली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने पोलिसांकडे स्वतःची नोंद करायची. घर बदललं की पुन्हा कळवायचं, अधूनमधून हजेरी लावायची. यादीचा बराचसा भाग सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतो. आपला पिन कोड टाकायचा, नकाशावर ठिपके उमटतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो, पत्ता, गुन्हा. घर घ्यायच्या आधी तिने शाळा बघितली, मग ठिपके बघितले, आणि मग स्वयंपाकघर.

"आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक आहे," ती म्हणाली.

"काय करतो तो?"

"काही नाही. गवत कापतो."

"मग?"

"मग काय, मी बघत असते."

मी घाबरट बाई नाही. पण यादी नावाची वस्तू जगात असेल तर ती मला बघायची असते. लाडू डब्यात भरले, हात धुतले आणि स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत गेले. एका खोलीची चौकी, एक टेबल, एक पोलीस. पन्नाशीचा, चष्म्यावरून बघणारा. माझं जपानी नागोयाच्या आठ वर्षांतलं आहे. भाजी, डॉक्टर आणि पालकसभा एवढ्यात ते अडत नाही. गुन्हेगारांसाठी मला वाटेत दोन शब्द शोधून घ्यावे लागले.

"आमच्या भागात राहणाऱ्या लैंगिक गुन्हेगारांची यादी कुठे बघायला मिळेल?"

त्याने पेन खाली ठेवलं. "काही घडलं का?"

"नाही."

"कोणी पाठलाग करतंय?"

"नाही."

"कोणावर संशय आहे?"

"अजून नाही. यादी बघितली की येईल."

त्याने दोन्ही हातांची फुली केली. जपानी माणसाने अशी फुली केली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, पण बाहेर थंडी होती आणि चौकीत हीटर होता, म्हणून मी बसले. त्याने मग नीट समजावलं. नोंदी सरकारकडे असतात, पण लोकांना दाखवत नाहीत. एकदोन प्रांतांत अशा माणसाने सुटल्यावर काही वर्षं आपला पत्ता सरकारला कळवायचा असा नियम आहे, पण तो पत्ताही शेजाऱ्यांसाठी नाही. आता नवीन कायदा झालाय, वर्षअखेरीस लागू होईल. शाळेत, पाळणाघरात कोणाला नोकरी द्यायची असेल तर त्या माणसावर असला गुन्हा आहे का, हे संस्थेने सरकारकडून तपासून घ्यायचं.

"म्हणजे मास्तर होणार असेल तर विचारायचं," मी म्हटलं, "आणि शेजारी होणार असेल तर नाही."

"बरोबर."

"शेजारी जास्त वेळ असतो."

त्याने थोडा विचार केला. "तेही बरोबर," तो म्हणाला. "पण सुटलेल्या माणसालाही कुठेतरी राहावंच लागतं."

आपल्याकडेही अशा गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे आणि ती फक्त पोलिसांना बघता येते, हे मी नंतर वाचलं. साताऱ्यात तिची गरज कोणाला भासली नसावी. तिथे असली माहिती वाण्याच्या दुकानात मिळते, खरी आणि खोटी एकाच पुडीत.

मला निराश झालेलं बघून पोलिसाने माझा फोन मागितला आणि मला सुरक्षा मेलची सदस्य करून टाकलं. आपल्या भागात मुलांच्या बाबतीत काही संशयास्पद घडलं की पालकांना मेल येतो. कुठे, केव्हा, माणूस कसा दिसत होता.

"नाव असतं?" मी विचारलं.

"नाव कसं असेल? तो पळालेला असतो."

घरी पोचेपर्यंत पहिला मेल आला. आदल्या संध्याकाळी पन्नाशीच्या एका पुरुषाने, करडा कोट, काळी बॅग, रस्त्याने चाललेल्या मुलीला 'थंडी आहे, लवकर घरी जा' असं म्हटलं आणि तो स्टेशनच्या दिशेने चालत गेला. मी दोनदा वाचला. मला वाटलं माझं जपानी कमी पडतंय, त्याने आणखी काहीतरी केलं असणार. काही केलं नव्हतं.

दुपारी मी कामाला बसले. पुण्यातल्या एका कंपनीच्या पगाराचं काम मी घरून बघते आणि महिन्याच्या मध्यावर लोकांना आपले पगार चुकल्याचं आठवतं. कानात हेडफोन असताना बाबा निघालेले दिसले. अंगात काळा कोट, तोंडावर मास्क, कारण इथे सगळे लावतात, आणि डोक्यावर सासूबाईंनी विणलेली तपकिरी माकडटोपी. म्हणजे बाबांचे फक्त डोळे तेवढे दिसत होते. हातात स्टीलचा डबा होता. मी हात हलवला, त्यांनी डबा हलवला.

संध्याकाळी नवरा ऑफिसमधून आला. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे, बदलीवर नागोयाहून आलेला. जेवायच्या आधी मी त्याला सकाळचा मेल दाखवला.

"मग काय, सांगायचं नाही का मुलीला लवकर घरी जा म्हणून?" तो म्हणाला.

"तू कोणाला काही सांगू नकोस."

"माझापण कोट करडाच आहे गं."

"म्हणूनच सांगतेय."

आम्ही चौघं जेवायला बसलो. आमटी वाढत होते तेव्हा फोन टुणटुणला. दुसरा मेल. बाबा समोर, मुलगी शेजारी. मी वाचायला लागले. आज दुपारी, अमुक बागेत, परदेशी वाटणारा पुरुष, वय सत्तरच्या आसपास, उंची एकशे साठ सेंटिमीटर, काळा जुनाट कोट, चेहरा झाकणारी तपकिरी टोपी. शाळकरी मुलांना नावं विचारून धातूच्या डब्यातून गोल, खाद्यपदार्थासारखी वस्तू देऊ केली. इजा नाही. मुलांशी याबाबत बोलावे.

माझ्यापेक्षा मुलगी जपानी वेगात वाचते. तिने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "कोरे, आजोबा दा यो." हे तर आजोबा आहेत.

मी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं. "आजोबा ऐकू आलं."

"हवामानाचा मेल आहे," मी म्हटलं. "उद्या वारा आहे. आजोबांना सांग म्हणतेय."

"वारा असला तरी मी जाणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला. त्यांना भात मागताना बघून बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात तिघांची सभा भरली. नळ सोडून ठेवला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"काही करायचं नाही," नवरा म्हणाला. "दोन दिवसांत लोक विसरतात. टोपी बदलू, झालं."

"आणि उद्या बागेत पोलिसाने अडवलं तर? त्यांना भाषा येत नाही. पासपोर्ट कपाटात असतो."

"मग मी बाबांना समजावून सांगतो."

"काय सांगशील?"

त्याने नळ आणखी मोठा सोडला. आयुष्यभर ज्या माणसाने मुलांना शिकवलं, त्याला मुलांपासून लांब राहा असं सांगायचं होतं, आणि का ते पण सांगायचं होतं.

मुलीने जपानीत विचारलं, आजोबांनी काही वाईट केलं का. मी म्हटलं, नाही, ती आपली पद्धत आहे. ती म्हणाली, पण शाळेत शिकवलंय. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर सांगायचं नाही. खाऊ दिला तर घ्यायचा नाही. पळायचं आणि मोठ्यांना सांगायचं. "त्या मुलांनी सगळं बरोबर केलं," ती म्हणाली. तिला त्यांचा अभिमान वाटत होता.

अमेरिकेत नाव, फोटो आणि पत्ता. इथे नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही, फक्त टोपी. सकाळी मी यादी मागायला गेले होते आणि संध्याकाळी आमच्या घरातला माणूस तिच्यात होता. नणंदेला हे कळवायचं नाही, यावर मात्र सभेचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी मी बाबांना सांगितलं की आज बागेत जाऊ नका, झाडं छाटतायत. आणि मी पुन्हा चौकीत गेले. तोच पोलीस होता. मला बघून तो किंचित दमला.

"यादी नाही," तो म्हणाला.

"यादी नकोय. कालचा तपकिरी टोपीवाला माझा सासरा आहे."

त्याने चष्मा नीट केला. मग खणातून एक पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत आमचा लाडू होता. वर चिठ्ठी होती, तारीख आणि बागेचं नाव लिहिलेली. लाडवाच्या एका बाजूला दोन दातांचे खळगे होते. बस एवढीच प्रगती झाली होती.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. "आम्हाला कळलं नाही."

"तिळाचा लाडू."

"खातात?"

पर्समध्ये डबी होती. मी एक लाडू काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ला. फार वेळ लागला. तो शांतपणे वाट बघत होता. लाडू संपेपर्यंत चौकीत फक्त माझ्या दाढांचा आवाज होता.

मग मी संक्रांत समजावली. थंडीतला सण, त्या दिवशी भेटेल त्याला तिळगूळ द्यायचा, लहान मुलांना तर आधी. ओळख असायला हवी असं नाही. ओळख व्हावी म्हणूनच द्यायचा.

"आणि तुमच्याकडे सगळेच अनोळखी मुलांना नाव विचारतात?"

"नाव, इयत्ता, वडील काय करतात आणि सतराचा पाढा."

त्याने हे लिहून घेतलं. सतराचा पाढा का, असं त्याने विचारलं नाही, पण त्याचं पेन तिथे जरा थांबलं.

"हे नाव कुठे नोंदलं जाणार?" मी विचारलं. हा माझा खरा प्रश्न होता. पुढच्या हिवाळ्यात व्हिसा मागताना हे निघायला नको.

"कुठेही नाही. गुन्हा नाही, तर नोंद कसली?"

"मग तो मेल मागे घ्या."

"मेल मागे घेता येत नाही. पण चौकशीत तसं काही नव्हतं असं आढळलं, असा दुसरा मेल पाठवता येतो. त्यासाठी त्या गृहस्थांनी स्वतः यायला हवं. सुनेच्या सांगण्यावरून नाही पाठवता येत."

घरी येताना मी हिशेब केला. बाबांना सांगितलं तर त्यांचा असा अपमान होईल की ते पुढच्या विमानाने जातील. नाही सांगितलं तर बाग बंद, आणि बाग बंद म्हणजे तसेही जातील. दोन्हीकडून साताराच येत होता. जर जायचेच असतील तर खरं ऐकून गेलेले बरे, असं ठरवून मी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

बाबा खिडकीपाशी होते. "झाडं छाटतायत म्हणालीस," ते म्हणाले. "कोणी छाटत नाहीये. मी इथून बघतोय."

"खोटं सांगितलं बाबा. काल बागेत मुलांना लाडू दिलेत?"

"दिले. म्हणजे देत होतो. एकाने घेतला, दातांत धरला, माझ्याकडे बघितलं आणि सगळे पळाले. मला वाटलं खेळ चाललाय."

"त्यांच्या आयांनी पोलिसांना कळवलं. रात्री आला तो हवामानाचा मेल नव्हता."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "वाच."

मी वाचला. मराठी करत करत, काही न गाळता.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचला.

"एकशे साठ? मी पाच फूट सात आहे."

"अंदाजाने लिहितात."

"आणि जुनाट कोट? हा कोट निरोपसमारंभात शाळेने दिलाय मला."

"बाबा, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला काय समजले ते लोक?"

"अनोळखी इसम."

"त्याच्या पुढचं सांग."

त्यांनी विचारलंच होतं, म्हणून सांगितलं. "लहान मुलांना वाईट हेतूने जवळ बोलावणारा माणूस असू शकतो, असं समजले."

खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली. तिचं ते नाजूक गाणं संपलं. मी चहा ठेवायला उठणार, तेवढ्यात त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि आवाज मुख्याध्यापकांचा होता.

"शाळेच्या फाटकापाशी गोळ्या वाटणारा माणूस दिसला की मी शिपायाला पाठवायचो. दोघांना हाकललंय मी. त्यातला एक मुलीचा सख्खा मामा निघाला."

"मग?"

"मग काय. बोलावून चहा पाजला. पण हाकललं ते बरोबरच होतं. मामा आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं." ते उठले. "चौकी कुठे आहे?"

"यायलाच हवं असं नाही. नाही गेलात तरी ते काही..."

"नाही गेलो तर त्या आया महिनाभर त्या माणसाला शोधत बसतील. पोरांना बागेत सोडणार नाहीत. माझा टाय कुठाय?"

टाय बांधला, बूट पुसले, मास्क घातला नाही, टोपी घातली नाही. थंडीने कान लाल झाले तरी घातली नाही. मी पासपोर्ट घेतला. चौकीच्या दारात बाबा ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "आय अॅम द मॅन."

पोलीस उठून उभा राहिला. मग दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि कोणी आधी थांबायचं हे ठरत नसल्याने पुन्हा केला.

पासपोर्ट बघून झाला. पोलिसाने विचारलं, वस्तू देण्यामागे उद्देश काय होता. बाबांनी मराठीत उत्तर दिलं. सूर्याचं उत्तरायण, थंडीत शरीराला लागणारी स्निग्धता, तिळाचे गुण, गुळाचे गुण, समाजातला सलोखा, आणि मुलं ही कुठल्याही देशाची असोत. मी म्हटलं, "हिवाळ्याचा सण आहे."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच."

"सगळं सांग ना गं," बाबा म्हणाले. "सलोख्याचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"त्याला विचार, मुलं किती, काय शिकतात."

"बाबा, इथे प्रश्न ते विचारतात."

पण पोलिसाला अंदाज आला असावा, कारण त्याने आपणहून सांगितलं, एक मुलगी, बारावीला. मी भाषांतर केलं. बाबांनी मान डोलावली आणि तिला गणित आहे का ते विचारायला सांगितलं. ते मी विचारलं नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "आता त्याला माझा प्रश्न सांग. नीट सांग, लहान करू नकोस. नाव विचारायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, हे मला पटलं. पण या गावात म्हाताऱ्या माणसाला मुलांशी बोलायचं असेल तर त्याची रीत काय आहे?"

मी लहान केलं नाही. पोलिसाने भिंतीवरच्या नकाशावर शाळेजवळचा चौक दाखवला. मग म्हणाला की रोज सकाळी शाळेच्या वाटेवरच्या चौकात मोहल्ल्यातले म्हातारे लोक पिवळा पट्टा लावून उभे राहतात, मुलांना रस्ता ओलांडून देतात आणि 'जाऊन या' म्हणतात. इत्तेराश्शाई. तेवढं म्हणायचं.

"तेवढंच?"

"मुलं 'जाऊन येतो' म्हणतात. मग तुमचं बोलणं झालं."

बाबांनी दोन-तीनदा तो शब्द जिभेवर घोळवला. पोलिसाने तिथल्या तिथे मोहल्ला समितीच्या बाईंना फोन लावला. अडचण एकच निघाली. व्हिसावर आलेल्या माणसाला स्वयंसेवक करता येत नाही, विमा बसत नाही. पुष्कळ हो-हो, पण-पण झाल्यावर ठरलं की बाबा पाहुणे म्हणून बाईंच्या शेजारी उभे राहतील आणि रस्त्यात उतरणार नाहीत.

संध्याकाळी मेल आला. बागेतील प्रकाराबाबत चौकशी केली असता संबंधित व्यक्तीचा हेतू वाईट नसल्याचे स्पष्ट झाले आहे. बाबांनी तोही दोनदा वाचून घेतला.

"नाव घातलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे बदनामी पण टोपीची आणि सुटका पण टोपीचीच."

नवरा हसला. बाबा नाही हसले. जेवण त्यांनी अर्धंच केलं आणि लवकर झोपायला गेले. जाताना म्हणाले, उद्याचं बघू, नाही जमलं तर तिकीट पुढे आणता येतं का ते विचारून ठेव. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी भांडी उचलली.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना उठवायला गेले तर ते तयार होऊन बसले होते. आम्ही चौकात पोचलो. समितीच्या बाई आधीच उभ्या होत्या, बाबांच्याच वयाच्या, हातात पिवळं निशाण. त्यांनी बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, मागे होऊन बघितलं आणि पुन्हा सरळ केला. मुलं यायला लागली. पहिल्या चार-पाच जणांनी बाईंना नमस्कार केला आणि बाबांकडे नुसतं बघितलं. बाबा म्हणाले, "इत्तेराश्शाई." मोठ्याने, प्रार्थनेच्या मैदानावर म्हणावं तसं. एक मुलगा दचकून थांबला. बाईंनी निशाणाच्या दांड्याने खूण केली, आवाज थोडा खाली. पुढच्याला बाबांनी हळू म्हटलं. तो म्हणाला, "इत्तेकिमास." त्याच्या मागच्या तिघी पण म्हणाल्या.

मग आमची मुलगी आली, मैत्रिणींबरोबर, ओळख न दाखवता. बाबांनी तिलाही सगळ्यांसारखंच इत्तेराश्शाई म्हटलं. तिने सगळ्यांसारखंच उत्तर दिलं आणि रस्ता ओलांडल्यावर एकदा मागे बघितलं. एक आई धाकट्याला कडेवर घेऊन आली होती. ती बाबांसमोर थांबली, जरा लाल झाली आणि जरुरीपेक्षा खोल वाकली. बाबाही वाकले.

मी तिथेच बाजूला उभी होते. थोड्या वेळाने बाबांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"तू का थांबलीयस? जा घरी. पालक रेंगाळले की मुलं नीट चालत नाहीत. आणि सोमवारी किती वाजता यायचं ते बाईंना विचारून मग जा."

मी विचारलं. सोमवारी याच वेळी. ते बाबांना सांगून मी घरी आले, मशीन लावलं आणि पोहे भिजवले.